दोन तुकड्यांची एक रेघ

३ मार्च
चिमणीचा नकाशा आजही माझ्या नकाशाशी जुळला नाही! आमची सगळ्यात धाकटी संशोधक. उंदरांना रक्ताचा कर्करोग देणारा विषाणू तोच, त्याचा डीएनए ठरावीक जागी कापणारं एन्झाइम तेच; कुठे कुठे काप पडतो, त्याचा हा नकाशा. मला सव्वीस वर्षांपूर्वी पाच तुकडे मिळाले होते, हिच्या तुकड्यांच्या लांबीची बेरीज काही केल्या बसत नाही. प्रयोगशाळेचे प्रमुख सगळ्यांसमोर म्हणाले, ‘हात स्वच्छ नाही हिचा. महिनाअखेर जमलं नाही तर दुसरं काम शोध म्हणावं.’ ती खाली मान घालून, ‘पुन्हा करून बघते,’ एवढंच. माझा नकाशा मात्र व्हरांड्यात चौकटीत, दिमाखात.

६ मार्च
माझ्या निवृत्तीच्या निरोपाला दहा दिवस. टेबल आवरतेय. अंगठ्यावरचा पिपेटचा घट्टा तेवढा घरी न्यायचा.

९ मार्च
खोक्याच्या तळाशी जेलचा जुना फोटो सापडला. जेलमध्ये तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात, प्रत्येकाची एक उजळ रेघ. तुकडा जितका छोटा तितकी रेघ मंद. पण माझी सगळ्यात छोटी, सहाशे बेसजोड्यांची रेघ — चांगली लखलखीत! तेव्हा पाचांची बेरीज पूर्ण लांबीला सहाशेनंच कमी पडत होती. ‘मोजण्यातली चूक’ म्हणून मी सोडून दिलं. तो एक तुकडा नाहीच. सारख्या लांबीचे दोन आहेत, एकाच रेघेत बसलेले.

शाळेतल्या गणिताच्या सिस्टर आठवल्या. कधी रागावल्या नाहीत. पट्टी हातात द्यायच्या — ‘पुन्हा मोज, बाळ.’

१० मार्च
ह्यांना सांगितलं. म्हणाले, ‘सव्वीस वर्षं कुणाचं काही अडलं का? भाषणं ऐक, फुलं घे, घरी ये.’

चिमणीचं अडलंय ना.

११ मार्च
प्रमुखांना फोटो दाखवला. बराच वेळ भिंगातून पाहत राहिले. मग म्हणाले, ‘निरोपाच्या भाषणात मी याच नकाशावर बोलणार होतो.’ म्हटलं, बोला की, आता खरं ते बोला. हसले. चिमणीची नोकरी टिकली. चौकट मीच उतरवली. भिंतीवर पांढरा चौकोन उरला. फार हलकं वाटलं.

१२ मार्च
चिमणीला फोटो द्यायला गेले. तिनं खालचा खण उघडला. सहा तुकड्यांचा अख्खा नकाशा, सुबक रेखाटलेला. कोपऱ्यात तारीख — ९ जानेवारी.

‘तुमचा निरोप होऊन जाऊ दे म्हटलं, बाई.’