खटका वरच राहिला

अकोला, शनिवार संध्याकाळ, १९६७

दादानं मुंबईहून पाठवलेली नवी रेकॉर्ड आज लावली! ना पेटी, ना तबला, ना गाणारा. सगळं विजेच्या यंत्रांतून काढलेलं. अप्पांनी आधीच बजावलं होतं, "डोकं उठलं तर परत धाडीन." आणि तेच मान डोलवत होते! कापसाच्या जिनिंगमध्ये चिमण्यांचा थवा शिरावा तसा तो आवाज...

मग माझं लक्ष रेकॉर्ड प्लेअरच्या वेगाच्या खटक्याकडे गेलं. काल आईची भजनाची छोटी रेकॉर्ड लावली होती, तेव्हापासून तो वरच, छोट्या रेकॉर्डच्या जलद वेगावर! गाणारा असता तर लगेच कळलं असतं. खटका खाली केला. सगळं संथ, गंभीर. खरं हेच असणार.

अप्पांनी डोळे उघडले. "कावून बिघडवलं? मले पयलंच पायजे."

हे संगीत बनवणाऱ्याला कळलं तर? कळू दे! खटका पुन्हा वर. रेकॉर्ड घरातच राहिली!