कुणीही हात लावायचा नाही

अब्बा,

सलाम नंतर, आधी भांडण. शनिवारी टेम्पो घेऊन मला न्यायला यायचं नाही. व्हीलचेअरवाल्या पोरीला सोलापूर झेपणार नाही म्हणालात ना? फोनवर तुम्ही मध्येच बोलता, म्हणून बसस्टॉपवर बसून पत्र लिहितेय.

सकाळी नवीन बस आली. तिच्या दारातून उतरती फळी निघते. ड्रायव्हर ती सोडायला उतरला, तेवढ्यात चौघं धावले. "थांब पोरी, खुर्चीसकट उचलतो." अगदी तुमच्यासारखी मायाळू माणसं. मी ओरडले, "कुणीही हात लावायचा नाही."

चौघंही मागं सरकले. मागून एक आजी म्हणाली, "लई तिखट हाय की गं."

मी चाकं फिरवली आणि एकटी चढले, अब्बा. मग आजीपण पायऱ्या सोडून माझ्यामागून फळीवरूनच आली. म्हणाली, "गुडघं वाचलं बघ."

तळहाताला फोड आलेत, ते अम्मीला सांगू नका. तिचे गुडघे कसे आहेत? तिला घेऊन या, पण एसटीनं. इथं मी तुम्हा दोघांना फिरवते.

बस आली. चढते.

तुमची तिखट,
हुस्ना