बुडबुड्यापाशचं अर्धं फूल

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

जमलं! मक्यापासून बनवलेल्या प्लास्टिकचा कपटा दोन काचांमध्ये वितळवला, सावकाश निवू दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला – काळ्याभोर जागेत पांढरी स्फटिकफुलं. प्रत्येकाला चार पाकळ्या, मधे काळी फुली. माझ्या गाइड लतिका मॅडम म्हणाल्या, "सुंदर. आता हीच लहान करून दाखव." बरोबरच आहे. फुलं एवढी मोठी झाली की या प्लास्टिकची रोपांची पिशवी तडकते.

जेवताना बाबांना सगळं सांगितलं. एका बुडबुड्याला अडून एक फूल अर्धंच राहिलंय, तेसुद्धा. बाबा पेपराआड. "भाजीत मीठ कमी आहे," एवढंच.

बँकेतली नोकरी सोडून मी या लॅबमध्ये आले, त्याला दीड वर्ष झालं. एकदा तरी विचारा ना!

५ फेब्रुवारी

विचारलं. "काहून गं, प्लास्टिकमध्ये काय पाहून राहिली दिवसभर?" टोमणाच तो. पण मीही त्यांचीच लेक – रविवारी चला, दाखवते. "अच्छा, चलो," म्हणाले.

७ फेब्रुवारी

इस्त्रीवाल्याकडून बाबांचा पांढरा शर्ट आला. रविवारसाठी म्हणे.

९ फेब्रुवारी, रविवार

लॅबमध्ये आम्ही दोघंच. मंगळवारचीच काच लावली. आधी कॅमेऱ्याने दोन फोटो काढून घेतले, मग स्क्रीन मुद्दाम बंद केली. टीव्ही पाहिल्यासारखं नको, डोळा लावून पाहावं त्यांनी.

बाबांनी चष्मा काढला, वाकले. किती वेळ! मी हात धुतले, उगीच पुसले.

"चार पाकळ्या," शेवटी म्हणाले. "मधे काळी फुली. अन् ते बुडबुड्यापाशी अर्धंच राहिलं बिचारं." मग पाठीवर हात ठेवला. "छान करून राहिली, अवंतिका."

परत येताना स्वतःहून खव्याची जिलबी घेतली. मी तीन खाल्ल्या. इतकं बरं वाटतंय की झोप येईल असं वाटत नाही.

१० फेब्रुवारी

लॅब. दिवा लावला, काच कालचीच, डोळा लावला – मिट्ट काळोख. बाजूचा दांडा कॅमेऱ्याकडे ओढलेला होता. तो तसा असला की सगळा उजेड कॅमेऱ्यात जातो, डोळ्याला काहीच दिसत नाही. रजिस्टरमध्ये माझ्यानंतर कोणाचं नाव नाही. म्हणजे फोटो काढल्यावर मीच तो आत ढकलायला विसरले.

बाबा एवढा वेळ काळोखात बघत होते.

अर्धं फूल त्यांनी मंगळवारी ऐकलेलं. पेपराआडून.