बारचा परवाना माझ्यामागे कोणाला

मी, खाली सही करणारी, नाक्यावरच्या बारची परवानाधारक, वय बाहत्तर, डोके शाबूत असताना आणि कोणाच्याही दबावाखाली न येता (तसा दबाव आणणारा अजून जन्माला यायचा आहे) हे मृत्युपत्र करीत आहे. यापूर्वी काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

आधी परवान्याचे. यजमान गेले तेव्हाच्या कायद्याने परवाना माणसाबरोबरच संपायचा आणि बाईला नवा मिळत नसे. बारला सील लागले. परवाना समितीचे साहेब म्हणाले, "बाईमाणूस दारू विकणार?" मी म्हणाले, "प्यायलेल्यांना निस्तरायला बाईमाणूसच लागतं ना, साहेब? मग विकूही द्या की." मी समितीच्या नाकी नऊ आणले. शेवटी राज्याने तो नियमच काढून टाकला. बाईच्या नावाचा इथला पहिला परवाना माझा. याचा मला अभिमान आहे आणि तो लपवायचे माझे वय नाही.

ज्याला पुरे झाली त्याचा ग्लास मी उपडा ठेवते, मग तो नगराध्यक्ष का असेना. झिंगलेल्याला दारू देणे गुन्हा ठरले तेव्हा बाकीच्या बारवाल्यांची पळापळ झाली. मला काहीच बदलावे लागले नाही.

आताच्या कायद्याने परवाना मृत्युपत्रात नेमलेल्या माणसाला मिळतो. कोणाला नेमले नसेल तर पोटच्या वारसाला. मुलगा त्याचीच वाट पाहत आहे, कारण त्याला तो समोरच्या हॉटेलवाल्याला विकायचा आहे. काउंटरमागे एक दिवस उभा राहिला नाही, आणि आता आयत्या बिळावर नागोबा! त्याच्यावर माझी माया आहे. म्हणून राहते घर आणि बँकेतली ठेव त्याला. परवाना नाही.

बार, परवाना, टेबले, फ्रीज आणि मापे त्याच्या घटस्फोट झालेल्या बायकोला. संसार मोडला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती कामावर हजर. मी विचारले, "आता कशाला आलीस गं?" ती म्हणाली, "तुमच्या मुलाला सोडलंय, आई. तुम्हाला कुठे सोडलंय?" आणि तिने शटर वर केले. मागच्या महिन्यात तिने त्या हॉटेलवाल्याचाच ग्लास भर गर्दीत उपडा ठेवला. माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू!

वकील म्हणतात, नेमलेल्या माणसाशी नाते लिहावेच लागते. माजी सून हे काही नाते नव्हे, तेव्हा "परकी व्यक्ती" लिहू. तो शब्द मी त्यांना माझ्यासमोर खोडायला लावला. ओळख पटण्यापुरते वर लिहिले आहेच. नाते: मुलगी.

सर्व स्वतः वाचून सही केली.
ठिकाण: बारचे काउंटर. सोमवार, चार मार्च.

साक्षीदार:
१. शेजारचा शिंपी.
२. शाळेच्या मुख्याध्यापिका. या परवान्यावर दर वर्षी हरकत घेतात. या मृत्युपत्रावर त्यांची हरकत नाही.