दिवसा झोपणाऱ्यांची इमारत

बाई, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि आज मला तुम्हाला एक इमारत दाखवायची आहे.

रत्नागिरीच्या पॉलिटेक्निकमध्ये तुम्ही आम्हाला इमारतींचा इतिहास शिकवायचात. राणी व्हिक्टोरियाच्या काळातला, इंग्लंडमधल्या एका गिरण्यांच्या शहरातला तो आर्किटेक्ट तुमच्या खास आवडीचा. मी त्याची सगळी कारकीर्द पाठ केली होती: आधी गोदामं, मग बँका, शेवटी टाऊन हॉल. पेपर परत देताना तुम्ही वर्गासमोर म्हणालात, "यादी छान आहे. पण कापडाच्या गोदामाला त्यानं उत्तरेच्या खिडक्या का दिल्या? आत कोण उभं राहणार ते आधी बघ, मग रेघ मार." कापडाचा खरा रंग उत्तरेच्या उजेडात कळतो, हे मला त्या दिवशी समजलं. अपमान मात्र वर्षभर पुरला.

इथे बहरीनमध्ये मी अठरा वर्षं दुसऱ्यांच्या कल्पनांची ड्रॉइंग्ज काढली. गुदैबिया भागातल्या आमच्या छोट्या ऑफिसात एका कारखान्याच्या कामगारांसाठी राहण्याच्या इमारतीचं काम आलं, तेव्हा साहेबांनी दर्शनी बाजूला सगळी काच सांगितली. मी कामगारांना जाऊन भेटले. निम्मे रात्रपाळीचे. दिवसा उजेडानं आणि दारांच्या आवाजानं डोळा लागत नाही, असं जो तो सांगत होता. मी काच काढून टाकली. रात्रपाळीच्या खोल्या उत्तरेला, थेट ऊन न येणाऱ्या बाजूला, जाड भिंतींच्या, खानावळीपासून लांब घेतल्या. साहेब चिडले. नोकरी गेली तर व्हिसाही जाणार, हे मला ठाऊक होतं. तरी मी प्लॅन बदलला नाही. भर दुपारी त्यांनाच कामगारांच्या जुन्या खोलीत घेऊन गेले. दहा मिनिटं ते तिथल्या कॉटवर डोळ्यांवर हात घेऊन पडले. बाहेर येऊन म्हणाले, "खलास, ठरलं. तुझाच प्लॅन पाठव."

आणि तोच मंजूर झाला, बाई. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'डिझाइन' या शब्दापुढे माझं नाव आहे. काल दुपारी मी तिथे गेले. बाहेर उन्हानं डोळे उघडवत नाहीत, आणि आत रात्रपाळीचा अख्खा मजला गाढ झोपलेला आहे. वॉचमन ओठांवर बोट ठेवून मला चपला काढायला लावतो. स्वतःच्या इमारतीत मी अनवाणी, चोरपावलांनी चालते आहे आणि हसू काही आवरत नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? पण एक कबूल करायचं आहे. उद्घाटनाच्या दिवशी साहेबांनी पाहुण्यांसमोर विचारलं, हे तुला शिकवलं कुणी. मी म्हणाले, "कुणी नाही. मलाच सुचलं."