किल्लेदाराने न घेतलेलं प्यादं

मी, खाली सही करणारा, धंद्याने कातारी, वयाने म्हातारा पण पटाशी धरताना हात अजून न थरथरणारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. माझं मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला लिहिण्याआधी त्यांनी माझ्याशी दवाखान्यातच बुद्धिबळाचा एक डाव मांडला आणि तो हरले, तेव्हा त्यांनी तपासणी नीट केली असं मी समजतो. वकीलबाईंनी छापील मसुदा दिला होता. तो चोख आहे, पण माझ्या घरच्यांना तो वाचताना झोप लागेल, म्हणून कायद्याचं तेवढं त्यातलं घेऊन बाकीचं माझ्या शब्दांत लिहितो.

कलम पहिले. घराचा वरचा मजला, मागची मोकळी जागा आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते माझ्या मुलाला मिळावं. तो सरळ माणूस आहे. पुढच्या खोलीत फोटोकॉपीचं दुकान काढायचा त्याचा विचार आहे, आणि तो त्याने माझ्यापासून लपवलेला नाही. "बाबा, ऐन रस्त्यावरची जागा, आणि तुम्ही तिथे भुसा आणि रिकामटेकडी माणसं भरून ठेवलीत," असं तो माझ्या तोंडावर म्हणतो. भुशाबद्दल त्याचं म्हणणं मला मान्य आहे.

कलम दुसरे. रस्त्याकडची पुढची खोली, तिच्यातला लेथ, सगळ्या पटाश्या, कॅलिपर आणि धारेचा दगड हे सूनबाईला मिळावं. मुलाने वाईट वाटून घेऊ नये. लाकूड फिरायला लागलं की तो दोन पावलं मागे सरतो आणि ती एक पाऊल पुढे येते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पांढऱ्या वजिराची मान मोडली तेव्हा नवा वजीर तिने शिसवीच्या तुकड्यातून काढला आणि त्याला चुन्याचा हात दिला. तो माझ्या जुन्या वजिरापेक्षा ताठ उभा राहतो. काळा की पांढरा हे मात्र उन्हात धरल्याशिवाय कळत नाही.

आता मुद्द्याचं. याच खोलीत रविवारी सकाळी नवशिक्यांचा बुद्धिबळाचा वर्ग भरतो. लेथवर फळी टाकली की टेबल होतं. खिडकीतून उजेड तिरका येतो, त्यात भुशाचे कण तरंगत असतात, आणि बसचा कंडक्टर, औषधाच्या दुकानातल्या बाई, शिवणक्लासवाल्या दोघी बहिणी असे सगळे मोठे झालेले लोक पुन्हा बाकावर बसल्यासारखे दाटीवाटीने बसतात. मला ते दृश्य फार आवडतं. मी गेल्यावरही ते त्या खोलीत दिसत राहावं, एवढ्यासाठीच हा कागद आहे. बाकीची वाटणी तोंडी सांगूनही झाली असती.

सूनबाईला मी आधी विचारून घेतलं आहे. ती म्हणाली, "बाबा, लेथ मी चालवीन. वर्ग नाही. एकच गोष्ट मला दोनदा सांगवत नाही, तिसऱ्यांदा मी पट उलटा करीन." ती करेल. म्हणून वर्गासाठी दुसरा माणूस हवा, आणि तो कलम पाचमध्ये येतो.

कलम तिसरे. वर्गात काय शिकवावं हे मी इथे नोंदवून ठेवतो, म्हणजे माझ्यामागे कोणी सौम्य आवृत्ती काढणार नाही. नवशिक्याला पहिल्या दिवसापासून चढाई शिकवावी. पहिल्याच डावात राजाच्या उंटासमोरचं प्यादं पुढे ढकलायला लावावं, आणि समोरच्याने ते मारलं तर मारू द्यावं. एक प्यादं जातं, पण मैदान मोकळं होतं, आणि ज्याला काही द्यायची भीती वाटत होती त्याची भीती त्याच दिवशी जाते. चार चालींची मात आधी खायला लावावी, मग द्यायला, मग अडवायला. आणि त्यानंतर माझा लाडका सापळा. समोरचा उंट आपल्या घोड्यावर रोखलेला असतो, घोड्याच्या मागे आपला वजीर उभा, आणि समोरचा निर्धास्त असतो की हा घोडा आता हलत नाही. आपण हलवतो. मधलं प्यादं मारतो. तो हसून वजीर उचलतो, आणि आपले दोन घोडे नि एक उंट मिळून त्याच्या राजाला पटाच्या मधोमध मात देतात. हे पहिल्यांदा जमलेल्या माणसाचा चेहरा पाहिला नसेल त्याने पाहायला यावं. प्रवेश खुला आहे.

आमच्या शाळेत कवितेचे मास्तर डस्टरने टेबलावर ठेका धरत आणि सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणे. अर्थ तेव्हा कळत नसे. तो पुढे कधीतरी, सायकलवरून घरी जाताना, वळणावर अचानक भेटायचा. त्या मास्तरांची आठवण म्हणून मी चालींना चाल लावली आहे. वर्ग ती मोठ्याने म्हणतो:

मधलं प्यादं पुढे टाका, घोडा काढा बाहेर,
उंट रोखा राजावरती, मग वजिराचा आहेर.

कविता म्हणून ती यथातथाच आहे, याची मला जाणीव आहे.

कलम चौथे. बुद्धिबळ क्लबच्या चिटणीसांना माझ्या दुकानातला डोकं तुटलेला हत्ती द्यावा. "तुम्ही खेळ शिकवत नाही, चलाखी शिकवता," असं ते भर सभेत म्हणाले होते. त्यानंतरच्या स्पर्धेत शिवणक्लासवाल्या धाकट्या बहिणीने त्यांचा हत्ती डाव रंगायच्या आत उचलला आणि पुढे मातही केली. त्यांनी हात मिळवला नाही, घड्याळ बिघडलंय म्हणाले. घड्याळाला त्या हत्तीशेजारी ठेवता येईल.

कलम पाचवे. हे माझ्या मेहुण्याबद्दल आहे. माझ्या दिवंगत पत्नीचा धाकटा भाऊ. सगळे त्याला किल्लेदार म्हणतात, कारण डाव सुरू झाला की तो राजाला कोपऱ्यात नेतो, समोर प्याद्यांची भिंत घालतो आणि आत बसून राहतो. आम्ही तरुणपणापासून खेळत आलो. प्रत्येक डावात मी त्याला उंटासमोरचं ते प्यादं देतो, आणि आजवर त्याने ते एकदाही घेतलेलं नाही. मी विचारायचो, "अरे, फुकट आहे, घे की!" तो म्हणायचा, "दाजी, तुमच्याकडचं फुकट मला परवडत नाही."

पटाबाहेरही तो असाच. मी त्याला दुकानात भागीदारी देऊ केली, त्याने मानेनेच नाही म्हटलं. त्याची बहीण म्हणाली, वरच्या मजल्यावर आमच्यात राहायला ये. तो आपल्या एका खोलीत राहिला. ती गेल्यापासून तो रविवारी वर्गाला येतो, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतो आणि माझ्या सापळ्यांची टिंगल करतो. "हे सगळं गाढवांवर चालतं." बाकीचा आठवडा तो कोणाशी बोलतो का, मला माहीत नाही. मी गेलो की त्या स्टुलावर येऊन बसायलाही त्याला कारण उरणार नाही, आणि तो स्वतःहून कारण शोधणाऱ्यातला नाही. म्हणून ते मी शोधून ठेवलं आहे.

गेल्या उन्हाळ्यात कंडक्टर क्लबच्या स्पर्धेत उतरला. सापळ्याची वेळ आली, त्याने मनातल्या मनात कविता म्हटली आणि घोडा उचलून मधलं प्यादं मारलं. समोरच्याने वजिराकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याचा एक घोडा त्या प्याद्याच्या राखणीला होता. त्या घोड्याने आपला घोडा मारला, आणि पुढे डाव घसरतच गेला. पुढच्या रविवारी कंडक्टर तोंड पाडून बसला. म्हणाला, "मास्तर, कविता तर बरोबर म्हटली हो मी."

मी काही बोलायच्या आत किल्लेदार स्टुलावरून उठला. "कविता बरोबर होती रे, तू पटाकडे पाहिलं नाहीस. सरक." आणि त्याने तो डाव पुन्हा मांडला. सापळा कधी लागतो, कधी लागत नाही, घोडा कुठे असला तर फसतो, हे तो कंडक्टरला सांगत राहिला. एकदा, दोनदा, पुन्हा तेच, न चिडता. शिवणक्लासवाल्या बहिणी स्टुलं घेऊन जवळ सरकल्या. ज्याला सापळ्यात कधी कोणी पकडलं नाही, त्याला सगळे सापळे आतून बाहेरून ठाऊक आहेत, हे मला त्या सकाळी दिसलं. मी लेथपाशी उभा राहून ऐकत होतो. बरं वाटलं.

कलम सहावे. म्हणून माझा पट आणि मी स्वतः कातलेला मोहऱ्यांचा संच मी किल्लेदाराला देत आहे. अटी अशा: संच पुढच्या खोलीबाहेर जाऊ नये. रविवारचा वर्ग त्याने घ्यावा. सापळे आणि चढाई शिकवावी, भिंत बांधणं शेवटी. त्याने हे स्वीकारलं तर वर्ग चालेल तोवर रविवारी खोली वर्गाची, सूनबाईचं कातकाम बाकीच्या दिवशी. त्याने नाकारलं तर संच सूनबाईकडे जावा, वर्ग बंद झाला असं समजावं, आणि तिने नवऱ्याला तिथे फोटोकॉपीचं दुकान काढू द्यावं. मी वरून बघून कुरकुर करणार नाही.

इथे एक अडचण आहे. वकीलबाईंनी बजावलं की मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याला दिलेलं रद्द होतं. मी म्हणालो, छान. साक्षीदाराची पहिली जागा मी किल्लेदारासाठीच आखून ठेवली आहे. हा कागद वर्गासमोर वाचून झाला की पेन आधी त्याच्या हातात देईन. सही करून तो पुन्हा भिंतीआड जाऊ शकतो. कोणी त्याला काही म्हणणार नाही. कंडक्टरला मी मुद्दाम काही ठेवलेलं नाही, कारण सहीला कोणीतरी मोकळा हवा.

सही होण्यापूर्वी माझ्या हाताने जोडलेला मजकूर:

वरील सर्व आज वर्गासमोर, वकीलबाईंच्या देखत वाचून दाखवलं. मुलगा मध्येच म्हणाला, "मामा, सही करून टाका, माझं काम सोपं होईल," आणि स्वतःच हसला. किल्लेदाराने पेन घेतलं, टोपण काढलं, आणि बराच वेळ पटाकडे पाहत राहिला. पटावर सुरुवातीचा डाव मांडलेला होता, माझं प्यादं पुढे.

"दाजी, हा सापळा आहे," तो म्हणाला.

"आहे."

"मला दिसतोय तो."

"तुला न दिसणारा लावून काय उपयोग?"

त्याने टोपण परत लावलं. पेन कंडक्टरच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाला, "तू कर सही. मला पट हवाय." मग हात पुढे करून त्याने माझं प्यादं उचललं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. खेळात असं करत नाहीत, पण कोणीही हरकत घेतली नाही. वर म्हणाला, "ती कविता मात्र दुरुस्त करावी लागेल. कंडक्टरसारखे फसतील." दुरुस्ती त्याने उभ्याउभ्या सांगितली. मला ती मान्य आहे. यापुढे दुसरी ओळ अशी म्हणावी:

आधी त्याचा घोडा पाहा, मग वजिराचा आहेर.

ठेक्यात बसते. मास्तरांनी डस्टर आपटला असता.

ठिकाण: पुढची खोली, लेथवरच्या फळीवर.
दिनांक: ऑक्टोबरचा पहिला रविवार, वर्ग सुटण्यापूर्वी.

मृत्युपत्र करणार: (सही) कातारी

साक्षीदार:
(सही) बस कंडक्टर
(सही) वकीलबाई

वरती आखलेली पहिली जागा किल्लेदाराची होती. ती रिकामी आहे, आणि रिकामीच ठेवावी.