तुझ्या वाट्याच्या गोळ्या

निकिता,

भात कुकरमध्ये आहे. माझ्या ताटात जेवू नकोस.

मी सरकारी दवाखान्यात भरती व्हायला चाललेय. टीबीच्या यादीत तुझंही नाव लागलं तर कॉल सेंटरवाले काढून टाकतील, म्हणून आपण माझ्याच गोळ्या निम्म्या-निम्म्या खाल्ल्या. मोठं डोकं चालवलं! आज डॉक्टर म्हणाले, अर्धवट औषधामुळे आता त्या गोळ्या मला लागूच पडत नाहीत. तुझं मात्र त्यांना सांगायचा धीर झाला नाही.

उद्या स्वतःच्या नावाने तपासून घे. नोकरी गेली तर जाऊ दे.

आईचा फोन आला तर ताई ट्रेनिंगला गेली म्हण.

डबीत तुझ्या वाट्याच्या सहा गोळ्या आहेत. घेऊ नकोस. घेतल्यास तरी आता तुलाही काही फरक पडणार नाही.

ताई